तिसरा दगड

१

बाना मपालो कधी आवाज चढवत नसत. रक्तपेढीच्या तपासणी-खोलीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण त्यांचा आवाज दाराबाहेर आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. म्हणून त्या शुक्रवारी सकाळी त्यांची किंकाळी व्हरांड्याच्या टोकापर्यंत आली, तेव्हा कासुबाच्या हातातला चहा बशीत सांडला.

"कासुबा! अगं धाव! माझ्या खुणा कुठं गेल्या?"

कासुबा धावली. बाना मपालो कॉम्प्युटरसमोर उभ्या होत्या. कमरेला गुंडाळलेलं चितेंगेचं फडकं सुटत आलं होतं, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"काल दुपारी दोन पिशव्या अडवल्या होत्या मी. आधीच्या तपासणीत पास झालेल्या, पण मला शंका आली, म्हणून हातानं परत तपासल्या. दोन्हींत काविळीचा विषाणू निघाला. दोन्हींवर लाल खूण केली. आता बघ तूच. एक तरी लाल दिसतेय का?"

पडद्यावर सगळ्या पिशव्या हिरव्या होत्या. हिरवी म्हणजे मोकळी, कुणालाही देऊन टाका.

"पिशव्या कोल्डरूममधून बाजूला नाही काढल्या?"

"वीज कुठं होती, बाई? वीज नसताना कोल्डरूमचं दार उघडतं का कुणी?"

तेही खरंच होतं. न्डोला शहरात लोडशेडिंग सुरू झालं, की कोल्डरूमचं दार बंद म्हणजे बंद. मग मंत्री आला तरी त्यानं बाहेर थांबायचं. आतला गारवा टिकला, तरच रक्त टिकणार. त्यामुळे अशा वेळी पिशवीवर पडद्यावरूनच खूण करायची आणि पहाटे गाड्या भरताना पोरांनी प्रत्येक पिशवी यंत्राला दाखवायची, ही इथली रीत. लाल असली की यंत्र ओरडतं आणि पिशवी मागे राहते. आज पहाटे यंत्र एकदाही ओरडलं नव्हतं. गाड्या भरून खाणींच्या गावांकडे निघूनही गेल्या होत्या.

"नंबर आठवतात का पिशव्यांचे?"

"नंबर कोण वाचतं? नळीवर यंत्र फिरवलं, टुंई वाजलं, खूण केली, झालं."

"आणि तपासणीच्या नळ्या?"

"भट्टीत गेल्या काल संध्याकाळीच." बाना मपालो मटकन खाली बसल्या. "आई गं, कुणाच्या तरी अंगात जाणार ते रक्त. माझ्या हातून."

कासुबा मनात हिशेब करू लागली. सगळं रक्त थांबवा म्हणून फोन करावेत, तर बाळंतपणात रक्त वाहून चाललेल्या बाया दुपार बघणार नाहीत. न थांबवावं, तर दोघांच्या शिरांत कावीळ जाणार. सगळे साठवलेले नमुने परत तपासायचे, तर संध्याकाळ होईल.

आणि या भीतीच्या पोटात दुसरी एक भीती होती, जिची तिलाच लाज वाटत होती. ज्या डेटाबेसमधून त्या खुणा गेल्या, तो उभा केला होता तिनं. एकटीनं.

२

आता या डेटाबेसची गोष्ट थोडी सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

पूर्वी रक्तपेढीत एकच मशीन होतं. ते पडलं की सगळं पडायचं. कासुबानं वर्षभर रक्तपेढीच्या प्रमुखांच्या, डॉक्टर सिमुकोंडांच्या मागे लागून तीन मशीनं घ्यायला लावली. तिन्हींत तोच डेटाबेस, एकात लिहिलं की तिन्हींत उमटतं. पोरं त्यांना चुलीचे दगड म्हणायची. पहिला दगड, दुसरा दगड, तिसरा दगड.

तिचे दोनच नियम होते. एक मेमरीचा. प्रत्येक मशीनमध्ये चौसष्ट जीबी मेमरी. तिचे चार वाटे करायचे. तीन डेटाबेसला, एक खुद्द मशीनला. "पाहुण्यांना तीन पळ्या वाढा, पण घरच्या माणसाला एक ठेवा, नाहीतर तो पातेलंच उलथवेल," असं ती समजावून सांगायची. चौसष्टाचे तीन वाटे म्हणजे अठ्ठेचाळीस. तिन्ही दगडांवर तिनं अठ्ठेचाळीस लिहून ठेवलं होतं.

दुसरा नियम झोपेचा. वीज जाणार असली, की एकेक मशीन नीट झोपवायचं. जे शेवटी झोपलं, त्याच्याकडे सगळ्यात ताजी माहिती असते. म्हणून वीज आली की तेच आधी उठवायचं आणि बाकीच्यांनी त्याची नक्कल करायची. चुकून दुसरं कुठलं आधी उठवलं, तर नक्कल जुन्याची होते आणि ताजं पुसून जातं. म्हणून मशीन स्वतःच अडून बसतं, "मी शेवटचा नव्हतो" म्हणतं. त्याला जबरदस्तीनं उठवायचं, तर त्याच्या पोटातला एक शब्द मुद्दाम बदलावा लागतो.

काल दुपारी वीज गेली आणि जनरेटरनं मान टाकली. कासुबानं पहिला आणि दुसरा दगड झोपवले, तपासणी-खोलीचं काम चालावं म्हणून तिसरा बॅटरीवर चालू ठेवला आणि ती मावशीच्या नवऱ्याच्या मयताला लुआन्श्याला गेली. मयताला गेलं नाही, तर नातेवाईक जन्मभर बोलतात. बॅटरी संपत आली, की तिसरा आपोआप नीट झोपणार होता.

आज ती आली तेव्हा सगळं चालू होतं. रात्रीतून कुणीतरी उठवलं असणार. फक्त तिसऱ्या दगडाचा दिवा लाल होता. चहा घेऊन बघू, असं तिनं ठरवलं होतं आणि आता डॉक्टरांनाही तेच सांगितलं.

"बघू?" डॉक्टर सिमुकोंडांनी टेबलावर हात आपटला. "काय बघणार होतीस? वीज परत आली तेव्हा झटका बसून तिसरं मशीन जळलं. आणि का जळलं? तुझ्या त्या अठ्ठेचाळीसनं! मी तेव्हाच म्हणत होतो, एवढी मेमरी कशाला? मशीनच्या छातीवर बसलीस तू. मग घाबरून पहिलं उठवलंस आणि गप्प राहिलीस."

"साहेब, मी मयताला होते."

"घरी कधी आलीस?"

"अंधार पडल्यावर. पण मी इथं आले नाही. देवाशपथ नाही आले."

"त्या खोलीची किल्ली आणि पासवर्ड आपल्या तिघांकडेच आहे. तू, मी आणि गेर्शोम. मला तर मशीन चालू कुठून करायचं तेही ठाऊक नाही. गेर्शोम, तू आला होतास?"

गेर्शोम जेरे दाराशी उभा होता. मशीनं, वायरी, बॅटऱ्या सगळं तोच सांभाळायचा. तो न्गोनी, कासुबा बेम्बा. आजोबा-पणजोबांच्या काळात एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या दोन जमाती, आणि आता त्यांच्यात थट्टेची सोयरीक. न्गोनी माणसानं बेम्बाला माकडखाऊ म्हणायचं, बेम्बानं त्याला उंदीरखाऊ म्हणायचं आणि कुणी रागवायचं नाही. रोज सकाळी गेर्शोम दारातूनच ओरडायचा, "काय गं माकडखाऊ, आज शेपटी कुठं विसरलीस?"

"नाही साहेब," तो खाली बघत म्हणाला. "मी आलो तेव्हा चालूच होतं. बा कासुबांनीच उठवलं असेल, असं मला वाटलं."

बा कासुबा! चार वर्षांत त्यानं तिला असं मानानं कधी हाक मारली नव्हती. म्हणजे यालाही वाटतंय, मीच केलं.

डॉक्टरांनी मशीनच्या खोलीला कुलूप घातलं आणि तिच्याकडून किल्ली काढून घेतली. "आरोग्य खात्याच्या चौकशीवाल्या बाई निघाल्यात. त्या येईपर्यंत इथंच बस. आणि कासुबा, त्या दोन पिशव्यांतली एक जरी कुणाच्या अंगात गेली, तर मी तुला वाचवणार नाही. सरळ तुरुंग."

३

इनोंगे मुबियाना आल्या त्या हातात उकडलेल्या शेंगांची पुडी घेऊन. जाडजूड, चष्मा गळ्यात अडकवलेला, चालताना धापा टाकणाऱ्या. ही बाई काय शोधणार, असं कुणालाही वाटावं. पण तरुणपणी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंज चालवलं होतं आणि यंत्रापेक्षा यंत्राजवळची माणसं आधी बिघडतात, असं त्यांचं मत होतं.

त्यांनी पहिला हुकूम दिला, की रुग्णालयांना फोन करा, जीव जात असेल तरच रक्त द्या. दुसरा हुकूम चहाचा. मग एकेकाला बोलावलं.

बाना मपालो रडून रडून थकल्या होत्या. त्यांनी तेच परत सांगितलं.

"खूण खरंच केली होती ना, बाना मपालो? की करायची राहून गेली आणि आता..."

"मुलीची शपथ घालून सांगते!"

"मुलीला मध्ये आणू नका. खूण केल्यावर पडद्यावर लाल दिसली का?"

"दिसली. वीज नव्हती, खोलीत अंधार होता, आणि तेवढंच लाल लाल दिसत होतं. मला अजून दिसतंय ते."

इनोंगे बाईंनी मान हलवली. "खोटं बोलणाऱ्याला अंधार आठवत नाही. जा तुम्ही, ते चितेंगे नीट बांधा आधी."

डॉक्टर सिमुकोंडा बसलेच नाहीत. "हे बघा मॅडम, चौकशी सावकाश करा. पण ते तिसरं मशीन पुसून बाकीच्या दोघांना जोडून टाकू द्या मला. दोन दगडांवर चूल कशी तरी उभी आहे. आणखी एक गेला, की सगळं बंद. मग कुठल्या पिशवीत कुठलं रक्त, तेही कळायचं नाही."

"मशीन जळलंय म्हणालात ना?"

"गेर्शोम बघेल काहीतरी. तो हुशार आहे."

मग कासुबा आत गेली. इनोंगे बाईंनी शेंगांची पुडी तिच्यापुढे सरकवली.

"खा. उपाशी माणूस नुसता भितो, विचार करत नाही."

"मी नाही केलं, मॅडम."

"तू केलंस असं मी म्हटलं का? मला एक सांग. तो अठ्ठेचाळीस आकडा जास्त झाला असेल?"

"नाही. चौसष्टात अठ्ठेचाळीस आरामात बसतं. दोन वर्षं बसतंय." नकळत तिचा आवाज बळावला. "आणि तिसऱ्यालाही तेवढीच मेमरी लागते. लोक म्हणतात, तो नुसता बसून असतो. पण बाकीचे दोन पडले, तर सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येतो. काल तसंच झालं की! तेव्हा त्याला उपाशी ठेवून कसं चालेल?"

"बरं. आणि रात्री उठवताना आधी कुठला उठवायला हवा होता?"

"तिसरा."

"उठवला कुठला?"

"पहिला किंवा दुसरा. तिसरा नक्कीच नाही, म्हणून तर खुणा गेल्या."

"नियम माहीत नसलेल्या माणसानं?"

कासुबा विचार करू लागली. भीतीनं सकाळपासून डोकं बधिर झालं होतं, ते जरासं हललं. "नाही... नियम माहीत नसेल, तर पहिला उठणारच नाही. तो अडून बसेल. आतला शब्द बदलायला नियम माहीतच हवा."

"म्हणजे ज्याला नियम माहीत होता, त्यानंच नियम मोडला. मुद्दाम." इनोंगे बाईंनी शेंग फोडली. "असं कोण आहे इथं, पोरी?"

कासुबानं पुढ्यातली पुडी मागे सरकवली. कारण तो शब्द कुठं असतो, ते रक्तपेढीत फक्त दोघांना ठाऊक होतं. तिला, आणि तिनंच शिकवलेल्या गेर्शोमला. आणि गेर्शोमनं तर सगळ्यांदेखत नाही म्हटलं होतं.

म्हणजे उरली ती एकटीच.

४

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर सिमुकोंडांनी घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एका रुग्णालयात बाई आणलीय, जुळी आहेत. रक्त द्यावंच लागणार म्हणतात. त्यांच्याकडे आपल्या आज पहाटेच्याच पिशव्या आहेत." त्यांनी कपाळ पुसलं. "जीव जात असेल तर द्या, असं आपणच सांगितलंय."

बाना मपालो तोंडातल्या तोंडात प्रार्थना पुटपुटू लागल्या.

"मॅडम," दारातून गेर्शोम म्हणाला, "आता तरी तिसऱ्याला जोडू द्या. दोन मशीनांवर भार पडलाय, ती पण जातील."

"येईल तुला?"

"हो. दहा मिनिटांचं काम. बा कासुबांनीच शिकवलंय."

इनोंगे बाईंनी डॉक्टरांकडून किल्ली घेतली. सगळे मशीनच्या खोलीत गेले. आत पंख्यांची घरघर चालू होती. पहिल्या दोन दगडांचे दिवे हिरवे, तिसऱ्याचा लाल. गेर्शोम स्टुलावर बसला आणि भराभर टाइप करू लागला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. खोली तर गार होती.

"काय करतोयस?" इनोंगे बाईंनी सहज विचारलं.

"मेमरीचा आकडा कमी करतोय. मग उठेल."

"किती करतोयस?"

"चोवीस."

"जळलेलं मशीन आकडा कमी केल्यावर उठतं?"

"जळलेलं नाही ते, मॅडम. डेटाबेसला हवी तेवढी मेमरी मिळत नाही, म्हणून पडतंय. चोवीसवर उठेल. उठलं की बाकीच्यांना जोडतो, ते त्याला पुसून नवी नक्कल देतील. झालं."

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. पण कासुबा तिसऱ्याच्या लाल दिव्याकडे बघू लागली. जळलेलं नाही! म्हणजे त्याची डिस्क शाबूत आहे. काल शेवटी झोपला तो हाच. रात्री कुणी त्याला उठवलंच नाही, म्हणजे त्याला कुणी पुसलेलंही नाही. बाना मपालोंच्या खुणा त्याच्या पोटात अजून जशाच्या तशा असणार. आणि जोडला की त्या घटकेला...

गेर्शोमचं बोट शेवटच्या बटणावर गेलं.

"थांब!" कासुबा किंचाळली आणि तिनं मागची नेटवर्कची वायर दोन्ही हातांनी उपटून काढली.

५

"वेड लागलंय का तुला?" डॉक्टर ओरडले. "पुरावा नष्ट करतेस? मॅडम, बघा, तुमच्या डोळ्यांदेखत!"

"पुरावा वाचवतेय मी!" कासुबा रडत रडत बोलत होती, पण वायर तिनं सोडली नाही. "खुणा याच्यात आहेत, साहेब! याला जोडला असता, तर आत्ता पुसला गेला असता. एकटा उठवा याला. बाकीच्यांशी न जोडता, एकटाच उठवा."

"उठव मग," इनोंगे बाई म्हणाल्या.

"अठ्ठेचाळीसवर उठत नाहीये म्हणतो ना तो."

"चोवीसवर उठेल. तुझा थट्टेचा भाऊबंदच म्हणाला. आपण त्याचाच आकडा वापरू." त्या गेर्शोमकडे वळल्या. "ऊठ बाबा, तिला बसू दे."

गेर्शोम उठला नाही. कासुबानंच त्याला खांद्यानं बाजूला सारलं. घाईत साधा आकडा दोनदा चुकला. डेटाबेस उठेपर्यंत वेळ लागणार होता. त्या वेळात इनोंगे बाईंनी पुडीतली शेवटची शेंग फोडली.

"गेर्शोम, चोवीसच का? वीस का नाही? चाळीस का नाही?"

"असंच... अंदाजानं."

"अंदाज नव्हे. या मुलीनं तुला शिकवलंय, चार वाटे करायचे आणि तीन डेटाबेसला द्यायचे. सवयीनं तू तेच केलंस. पण चोवीस हे कशाचे तीन वाटे? मी टेलिफोनवाली आहे, पण एवढं गणित येतं मला. बत्तीसचे. या मशीनमध्ये चौसष्ट आहे, असं इथं सगळे समजून आहेत. कासुबा समजते, डॉक्टर समजतात. त्यात बत्तीसच उरलंय, हे झाकण न उघडता तुला एकट्याला कसं कळलं?"

डॉक्टर सिमुकोंडा पुढे आले आणि त्यांनी कासुबाला म्हटलं, "उघड ते झाकण."

"आत्ता नको, साहेब, चालू आहे."

"आता बाकी सगळ्याची संगती लागते," इनोंगे बाई म्हणाल्या. "नियम माहीत असलेल्या माणसानं पहिला दगड जबरदस्तीनं का उठवला? कारण तिसरा उठणार नाही, हे त्याला आधीच माहीत होतं. आणि पहाटेच्या गाड्या तर भरायला हव्यात. मेमरीच्या पट्ट्या काढल्यावर अठ्ठेचाळीसला जागा उरली नाही. सकाळी लवकर येऊन चोवीस लिहायचं, जोडून टाकायचं, कुणाला पत्ता लागणार नाही. पण सकाळी बाना मपालो ओरडल्या आणि डॉक्टरांनी खोलीलाच कुलूप घातलं. बरोबर ना?"

गेर्शोम भिंतीला टेकून खाली बसला.

"आणि मी लोझी जमातीची आहे रे," त्या हळूच म्हणाल्या. "आमची टोंगांशी हीच थट्टा चालते. मी आल्यापासून एका न्गोनी पोरानं एका बेम्बा मुलीला एकदाही डिवचलं नाही. बा कासुबा, बा कासुबा. मयतावरसुद्धा थट्टा चुकत नाही आपली. माणूस भाऊबंदाची थट्टा सोडतो कधी? त्याच्या पाठीत सुरा खुपसलेला असला की."

"कित्वेमधल्या एका लॉजवाल्याला मशीन बांधून द्यायचं कबूल केलं होतं," गेर्शोमचा आवाज फाटला होता. "मला वाटलं, तिसरा दगड नुसताच बसून असतो. निम्मी मेमरी काढली तर काय होणार? आणि गुरुवारी दुपारी तपासणी-खोली बंद असते ना नेहमी! मला काय माहीत, बाना मपालो फेरतपासणी करत बसल्यात? दुपारचं काहीच लिहिलेलं नसेल, असं वाटलं मला. म्हणून पहिला उठवला. पट्ट्या रात्रीच पोचवायच्या होत्या, तिसऱ्याचं सकाळी बघू म्हटलं."

"आणि सकाळी कळल्यावर?" कासुबानं विचारलं. पडद्यावरून नजर न काढता. "सकाळी तर कळलं होतं ना तुला? खुणा याच्यात आहेत, हे माझ्याआधी कळलं होतं. तरी पुसायला निघालास?"

त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं.

"दोन माणसं मरतील, आणि मी तुरुंगात जाईन. एवढं सगळं कळूनही निघालास?"

"भीती वाटली गं," तो म्हणाला. "तोंडच उघडेना."

पडद्यावर डेटाबेस उठला. कासुबानं नावं खाली सरकवली आणि तिच्या तोंडून हुंदकाच फुटला. गुरुवार दुपार. दोन लाल ओळी.

६

एक पिशवी कोल्डरूममध्येच होती, गाडीत बसायची राहिलेली. बाना मपालोंनी ती स्वतः जाऊन उचलली आणि तान्ह्या पोराला धरावं तशी दोन्ही हातांत धरून भट्टीपर्यंत नेली.

दुसरी पिशवी, गाड्यांच्या यादीप्रमाणे, जुळ्यांच्या आईच्या रुग्णालयात गेली होती.

डॉक्टर सिमुकोंडा फोन लावत होते. फोन लागेना. त्या गावातही वीज गेली असणार, टॉवर बंद पडला असणार. परत लावला. वाजतच राहिला. कासुबा भिंतीला हात टेकून उभी होती. इनोंगे बाईंनी तिचा दुसरा हात घट्ट धरला होता आणि त्यांचाही हात गार पडला होता.

"हॅलो? सिस्टर? ऐका, ऐका, शेवटचे आकडे सात-शून्य-चार... हो, ती पिशवी... काय?"

डॉक्टर ऐकत राहिले. मग ते खुर्चीत बसले. "गरम करत ठेवली होती म्हणतात. वेगळीच एक आधी लावली." त्यांनी चष्मा काढला. "लावली नाही. लावलीच नाही ती. बाई बरी आहे. दोन्ही मुली आहेत."

बाना मपालो मोठ्यानं ओरडल्या. सकाळपासूनची दुसरी वेळ.

डॉक्टर मग कासुबाजवळ आले, काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि नुसतंच म्हणाले, "तुझी किल्ली." ती त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली. "अठ्ठेचाळीसबद्दल मी जे बोललो, ते मागे घेतो."

दुपारी पोलिसांची गाडी आली. गेर्शोमला व्हरांड्यातून नेत होते. मेमरीच्या पट्ट्या परत आणायला एक शिपाई कित्वेला गेला होता. पोरं दारांत उभी राहून बघत होती. कासुबानं ठरवलं होतं, बाहेर जायचं नाही. तिच्या मनात संताप होता. या माणसानं तिला जिवंत गाडायला काढलं होतं. पण मयतावरसुद्धा थट्टा चुकत नाही, हे इनोंगे बाईंचं वाक्य काही तिच्या डोक्यातून जाईना. ती दारात आली.

"ए उंदीरखाऊ!"

तो थांबला. पोलीसही थांबला, तो बहुधा बेम्बाच होता, त्याला कळलं.

"कोठडीत उंदीर फुकट मिळतात म्हणे," कासुबा म्हणाली. आवाज तिला नीट सांभाळता आला नाही. "पोटभर खा. आम्हा माकडखाऊंसाठी शेपट्या ठेव."

ती वाट बघत राहिली. चार वर्षं तिच्या एका टोमण्याला दोन देणारा हा माणूस. एवढं एक उत्तर त्यानं दिलं असतं, तर काहीतरी उरलं असतं. गेर्शोमनं मान वर केली, ओठ हलवले, पण टोमणा काही येईना.

"माफ करा, बा कासुबा," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ती तिथंच उभी होती. मग डोळे पुसून ती मशीनच्या खोलीत गेली, पहिला आणि दुसरा दगड झोपवले आणि तिसऱ्याच्या खुणा घेऊन त्यांना पुन्हा उठवायला बसली.